न पडलेली छपरं

माझ्या जाऊबाईंची मुलगी तन्वी बंगळुरात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात जग हिंडते. हिंडायची तिची एक रीत आहे. कुठल्याही मोठ्या विमानतळावर उतरली की त्या मोठ्या शहरात ती थांबतच नाही. तिथून तासा-दोन तासांवरचं एखादं जुनं, छोटं, देखणं गाव हुडकते, त्याच्या दगडी गल्ल्यांतून फिरते, कुठंतरी बसून कॉफी पिते आणि परतीचं विमान गाठते. परदेशातल्या अशा गावांची नावं तिला तोंडपाठ आहेत. परवा तिचा फोन आला. "काकू, मी कामासाठी नांदेडला येतेय. काम एका दिवसात उरकेल. विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं आहे. तेवढ्यात बघण्यासारखं एखादं गाव आहे का जवळ? जुनं, शांत, छोटंसं?"

मी म्हटलं, बाई गं, आमचं विमानतळ तुझ्या त्या मोठ्यांतलं नाही, विमान उतरतं एवढंच त्याचं मोठेपण. पण जुनी गावं म्हणशील तर हवी तेवढी घे. कंधार आहे, उदगीर आहे, देगलूरकडं होट्टल आहे. लांब जायची तयारी असेल तर खरोसा, औसा. नावं घेता घेता मी मध्येच थांबले. तन्वीला वाटलं रेंज गेली, ती तिकडून हॅलो हॅलो करत राहिली.

ही नावं मी याच क्रमानं पूर्वी ऐकली होती, आणि तीही याच दिवसांत. गणपती उठले की आमच्याकडं हवा एकदम बदलते. दुपारी ऊन असं चावतं की नको वाटतं, आणि पहाटे अंगणातल्या बाजेवर दव पडलेलं असतं. हल्ली रस्त्यावर सोयाबीनचा भुस्सा उडतो, तेव्हा हायब्रीड ज्वारीची कणसं वाळत पडायची. माझ्या शाळेत पोरं सहामाहीच्या अभ्यासाला लागलेली असतात. मी फळ्यावर काहीतरी लिहीत असते आणि खिडकीतून तो भुश्श्याचा वास येतो. मग पुढचा शब्द सुचत नाही. पोरं म्हणतात, म्याडम विसरल्या. मी तसं म्हणू देते.

तेव्हा माझं अकरावीचं वर्ष होतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, नांदेड डेपोत कंडक्टर होते. धाकटी रतन, दहा वर्षांची, गणपतीसाठी मावशीकडं गेली होती. मावशीचं गाव औसा तालुक्यात. मावशीची मीरा रतनच्याच वयाची, दोघी एका वाकळेवर झोपायच्या, एकीला ताप आला तर दुसरीला येणार असं सगळे हसून म्हणायचे. गणपती विसर्जनाच्या रात्री जमीन हलली. नांदेडात आमची फळीवरची भांडी खाली आली, घागर कलंडली, माय उठून बसली आणि म्हणाली, "मांजर असंल." सकाळी रेडिओ लागला तेव्हा कळलं.

आण्णा मिळेल त्या गाडीनं गेले. मावशीच्या घराच्या भिंती दगड-मातीच्या आणि वर हातभर मातीचं माळवद होतं. उन्हाळ्यात ते घर इतकं गार असायचं की आम्ही सुट्टीची वाट बघायचो. ते सगळं खाली बसलं होतं. मावशी गेली, मीरा गेली. रतनला लोकांनी दिवस वर आल्यावर बाहेर काढलं, एक हात मोडलेला, केसांत माती. आण्णा तिला उचलून घेऊन आले ते आमच्या दारापर्यंत. उंबऱ्यापाशी आल्यावर रतननं त्यांच्या खांद्याला असं धरलं की त्यांना आत पाऊल टाकता येईना.

सुरुवातीला कुणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण तेव्हा सगळं नांदेडच बाहेर झोपत होतं. रस्त्यावर बाजा, अंथरुणं, मच्छरदाण्या. कुणी चहा करून वाटायचं, कुणी भजन म्हणायचं, शेजारचे चाचा ट्रान्झिस्टर घेऊन मधोमध बसायचे. जत्राच ती. मग थंडी वाजायला लागली आणि एकेक जण आपापली गादी गुंडाळून आत गेला. रतन राहिली. अंगणातल्या लिंबाखाली तिची बाज, शेजारी माय. जेवणसुद्धा बाहेर, अभ्यास बाहेर. शाळेत बाईंनी तिला व्हरांड्यात बसवलं, तर तिथून उठून ती ग्राऊंडवर जाऊन बसली. दवाखाना झाला, दर्ग्यात धागा बांधून झाला, देवीला साडी नेसवून झाली. पोरगी छपराखाली येईना.

आण्णांचा सगळा भरवसा डोळ्यांनी बघण्यावर होता. प्रवासी म्हणाला, पास हाय, की हे म्हणायचे, "हाय तर दाखव." मायला ते म्हणाले, "छप्पर पक्कं हाय, पक्कं हाय म्हणून आपण नुसतं बोलून राहिलो. बोलल्यानं काय व्हतंय? दावावं लागतंय." आणि दावायचं तर आपल्या क्वार्टरचा स्लॅब कशाला, चांगली शेकडो वर्षं उभी असलेली छपरं दावावीत, असं त्यांच्या डोक्यात आलं. भूकंपानं न पाडलेली. ज्या स्टँडांवर त्यांची गाडी रोज पाच-दहा मिनिटं थांबायची आणि ज्यांच्या किल्ल्यांकडं त्यांनी आयुष्यात मान वळवून बघितलं नव्हतं, ती गावं आता त्यांना कामाची वाटली. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही निघायचो. आण्णा, रतन आणि डब्याची पिशवी धरायला मी. कुटुंबाचा पास होता, तिकिटाचा प्रश्न नव्हता.

एसटीत रतन बिनतक्रार बसायची, याचं आम्हाला नवल वाटायचं. आण्णांनी एकदा हळूच विचारलं, "हिलाबी छप्पर हायच की गं?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ही हालतीय." आम्ही दोघं हसलो. लेकराचं उत्तर म्हणून सोडून दिलं.

पहिलं कंधार. खंदकात हिरवं पाणी, त्यात म्हशी, आणि पलीकडं ती काळी भिंत. आण्णांनी खिशातला तिकिटं छेदायचा पंच काढला आणि दरवाजाच्या कमानीवर ठकठक वाजवून दाखवला. "हे बग रतन. किती राजे आले अन् गेले. त्या राती हेबी हाललंच असंल का न्हाई?"

"हाव."

"मग पडलं का?"

"न्हाई."

"मग ये की आत."

"न्हाई."

आम्ही खंदकाच्या काठावर बसून भाकरी आणि तिळाची चटणी खाल्ली. मी एकटीच आत जाऊन आले. गवतात एका प्रचंड मूर्तीचं नुसतं पाऊल पडलेलं होतं, माझ्या कमरेएवढं उंच. बाहेर येऊन मी ते रतनला सांगितलं. ती म्हणाली, बाकीचा माणूस कुठाय.

उदगीरला जरा बरं झालं. किल्ल्याचा दरवाजा वळणाचा, आत अंधार. रतननं डोळे मिटले आणि जी पळत सुटली ती पलीकडच्या उजेडात जाऊन उभी राहिली. आण्णांचा आनंद काय वर्णावा. "गेली का न्हाई, गेली का न्हाई," असं मलाच विचारत राहिले. मग होट्टलला सगळं मुसळ केरात. तिथं चांगली जुनी देवळं आहेत एवढंच त्यांनी देगलूर स्टँडवरच्या कंट्रोलरकडून ऐकलं होतं. जाऊन बघतो तर काय, निम्मं देऊळ जमिनीवर. कोरलेले खांब, छताचे दगड, दगडात हसणाऱ्या बाया, सगळं बाभळींत विखुरलेलं. हल्ली ते सगळं पुन्हा उभं केलंय, देखणं झालंय म्हणतात. तेव्हा रतन त्या दगडांमधून हिंडली आणि शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला तिनं विचारलं, "हे कवा पडलं?" तो म्हणाला, "लई जुनं हाय माय, आमच्या आज्याच्याबी आदी पडलंय." रतन त्या दिवशी जेवली नाही. परतीच्या गाडीत आण्णा स्वतःलाच शिव्या घालत होते, ओठांतल्या ओठांत.

पण त्या माणसाची जिद्द दांडगी. त्यांनी डोकं चालवलं. जे बांधलंच नाही ते पडेल कसं? म्हणून खरोसा. पहाटेची लातूर गाडी, पुढं औशावरून निलंग्याच्या रस्त्याला. त्या भागातून जाताना रस्त्याकडेला पत्र्याची शेडं लागली, मिलिटरीचे ट्रक, आणि कुठून कुठून मदतीत आलेले कपडे घातलेली माणसं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं धोतरावर बायकांचा गुलाबी स्वेटर घातला होता. आण्णांनी रतनचं तोंड दुसऱ्या खिडकीकडं वळवलं आणि तिला कुठलीतरी झाडं दाखवत राहिले. डोंगरावर चढलो. लेण्याच्या तोंडाशी गार वारा होता. आण्णा म्हणाले, "हे छप्पर कुणी घातलंच न्हाई रतन. दगडावर दगड न्हाई, माती न्हाई, लाकूड न्हाई. आख्खा डोंगर हाय, आतून पोखरलाय. ह्यो कसा पडंल, सांग."

रतननं बराच वेळ डोंगराकडं बघितलं. म्हणाली, "आण्णा, त्या राती डोंगरच हालला व्हता न्हवं?"

आण्णा खाली बसले. पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिला दिली, मला दिली, स्वतः प्यायले.

लाज वाटते, पण खरं सांगते. ते महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर महिने होते. एरवी आण्णा म्हणजे खाकी कपडे, थकलेला चेहरा आणि झोप. त्या हंगामात ते आमचे होते. खिडकीतून येणारा गार वारा, गुडघ्यावरचा गरम शेंगांचा पुडा, आण्णा प्रत्येक स्टँडवर कुणाला तरी ओळखायचे आणि आमची ओळख करून द्यायचे, "ह्या माझ्या लेकी." करडईची शेतं. हरभऱ्याचा डहाळा. उदगीरच्या किल्ल्यातून दिसलेलं संध्याकाळचं गाव, घराघरांतून उठलेला धूर आणि मशिदीतली अजान. मला तेव्हा मनातून वाटायचं, रतन लवकर बरी नाही झाली तर आपण अजून कुठं कुठं जाऊ.

संक्रांतीच्या दिवशी औसा. किल्ल्यात पाण्याचा मोठा हौद आहे आणि त्या हौदाच्या खाली एक दगडी महाल. म्हणजे डोक्यावर नुसतं छप्परच नाही, छपरावर पाणीसुद्धा. हा आण्णांचा शेवटचा डाव होता. पायऱ्यांपाशी त्यांनी काहीच भाषण केलं नाही, नुसता हात पुढं केला. रतननं त्यांच्याकडं बघितलं. बहुतेक त्यांच्या पायांकडं बघितलं, कारण दिवसभर उभ्यानं ड्युटी आणि वर सुट्टीतही हिंडणं, त्यामुळं त्या दिवसांत ते थोडे लंगडत होते. मग तिनं हात धरला आणि दोघं खाली गेले. मी मागं. आत काळोख, गारवा, वटवाघळांचा वास. रतन मधोमध उभी राहिली.

"भ्या वाटतंय का?" आण्णांनी विचारलं.

"न्हाई."

"खरं?"

"खरंच न्हाई."

येताना आण्णांनी ड्रायव्हरला, कंडक्टरला, पुढच्या सीटवरच्या अनोळखी बाईला, सगळ्यांना तिळगूळ दिला आणि सगळ्यांना तेच सांगितलं, पोरगी बरी झाली. त्या दिवसापासून रतन घरात झोपली, आण्णांच्या बाजेला लागून. आमच्या सहली बंद झाल्या. पुढच्या सुट्टीला आण्णा झोपून राहिले.

आण्णा गेले तेव्हा आम्ही दोघी कॉलेज संपवून बसलो होतो. शेवटपर्यंत कुणी भूकंपाचं काही काढलं की त्यांचं ठरलेलं असायचं, "औशाच्या महालानं बरी केली माझी रतन." तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी रतननं अंथरूण उचललं आणि अंगणात नेलं. मायनं काही विचारलं नाही. मीही नाही. आम्ही समजलो की तिनं इतकी वर्षं कळ काढली ती बापासाठी. पण कसली कळ, हे आम्हाला ठाऊक आहे असंच आम्ही धरून चाललो होतो. छप्पर पडेल याची भीती, दुसरं काय असणार?

तिच्या लग्नात सगळं आधी सांगितलं होतं. नवरा ड्रायव्हर, भला माणूस. म्हणाला, "मलाबी बाहेरच झोप लागती." दोघं लातूरला गेले, कारण तेव्हा लातूरला माणसं लोटत होती. क्लासेस निघाले, त्यांच्या पाट्यांवर हसऱ्या पोरांचे फोटो लागले, आणि गल्लीगल्लीतून दप्तरं घेतलेली पोरं खाली मान घालून चालायला लागली. त्यांना जेवायला लागतं. रतननं एक मोकळा प्लॉट भाड्यानं घेतला, चार खांबांवर पत्रे टाकले, तीन बाजू उघड्या, आणि मेस सुरू केली. स्वतः कडेला उघड्यावर बाज टाकून झोपायची. हाताला चव, त्यामुळं पोरं तुटून पडायची. नवं पोरगं आलं की ती वाढता वाढता विचारायची, "कुठला रे लेकरा?" कुणी औशाचा, कुणी निलंग्याचा, कुणी कंधारचा, कुणी उदगीरचा. "किल्ला पाह्यलास का आपल्या गावचा?" पोरगं वरणात भात कालवत म्हणायचं, "न्हाई मावशी. टाईम कुठं हाय." मला हे ती फोनवर सांगायची. गंमत म्हणून सांगायची.

तिची मुलगी पूजा तिथंच क्लासला लागली. मेसच्या गोंगाटात अभ्यास होईना म्हणून तिला हॉस्टेलला ठेवलं, सहाव्या मजल्यावर. डॉक्टर व्हायचंय म्हणून एक वर्ष झालं, दुसरं झालं, आता तिसरं चालू आहे. रतननं ती खोली अजून बघितलेली नाही. डबा घेऊन जायची, खाली रस्त्यावर उभी राहायची, पूजा खिडकीत यायची. एकदा पूजानं वरूनच ओरडून विचारलं, "सगळ्यांच्या आया वर येतात, तूच कामून येत न्हाईस?" रतननं डबा वॉचमनकडं दिला आणि ती परत आली. नंतर नंतर पूजा खिडकीतसुद्धा येईना. हल्ली दिवसभर पडून असते म्हणे.

या उन्हाळ्यात तो प्लॉट विकला गेला. तिथं आता हॉस्टेलचा पाया खणलाय. पत्रे उतरवले, भांडी विकली, आणि रतन माझ्याकडं नांदेडला आली. नवरा पुण्यात कंपनीच्या गाडीवर, चौघांत एक खोली. तिथं ती कशी राहणार? माझ्याकडं निदान गच्ची आहे. पण तिला दमा जडलाय. मेसचा धूर, लातूरची धूळ, आणि उघड्यावर काढलेले इतके हिवाळे. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता यांना बाहेर झोपू देऊ नका. हे दवाचे दिवस. वर एकट्या असतात, एखाद्या पहाटे श्वास अडकला तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला आहे. मी तिच्यासाठी पुढची खोली रिकामी केली. दोन्ही खिडक्या उघड्या, दार उघडं, वरचा पंखासुद्धा काढून टाकला. समजावून झालं, रागावून झालं, रडून झालं. ती उंबऱ्यापर्यंत येते आणि म्हणते, "आक्का, तू कामून तरास करून घेऊन राहिलीस?" आणि चादर घेऊन जिना चढते. अशात तन्वीचा फोन आला होता. मी आण्णांचीच लेक, मला आण्णांचंच सुचलं. कंधार जवळ आहे. गाडी तन्वीनं भाड्यानं ठरवलेलीच आहे. रतनला बरोबर घेऊ.

सकाळी निघालो. रस्ता आता गुळगुळीत झालाय. दोन्हीकडं ढाबे आणि क्लासच्या जाहिराती. कंधारच्या स्टँडजवळ चहा प्यायलो. तन्वीनं कॉफी आहे का विचारलं, हॉटेलवाले चाचा म्हणाले, "बेटा, कॉफी पिणारी पोरं सगळी लातूर-नांदेडला. हितं आम्ही म्हातारे, चहावाले." तन्वीला ते फार आवडलं. गावात सगळीकडं ती हेच म्हणत होती, किती शांत आहे काकू, किती सुंदर. शांत आहेच. सोळा ते वीस वयाचं माणूस त्या गल्ल्यांतून मला दिसलं नाही. किल्ला मात्र आहे तसाच आहे, एक चिरा ढळलेला नाही. आण्णा तेव्हा म्हणायचे, ही छपरं कुठं जात नाहीत. छपरं राहिली.

तन्वी फोन उंच धरून आत गेली. मी रतनचा हात धरला. "चल. आण्णांनी दाखवलेलं तेच हे. बघ, अजून उभं आहे."

रतन खंदकाच्या काठावर बसली. चालल्यानं तिला धाप लागली होती. श्वास खाली बसल्यावर म्हणाली, "आक्का, बस हितं. आण्णाला कळलं न्हाई, अन् तुलाबी कळलं न्हाई. छप्पर पडंल म्हणून मला कवाच भ्या वाटलं न्हाई."

"मग?"

"पडल्यावर मी अन् मीरा दोघीबी जित्या व्हतो." ती पाण्याकडं बघत बोलत होती, साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं. "काहीच दिसत न्हवतं. तिचं तोंड माझ्या छातीला लागून व्हतं. मी जरा हालले की वरची माती तिच्या तोंडावर पडायची. ती म्हणली, रते, हालू नको. मी न्हाई हालले. हात मोडलेला व्हता, ठणकत व्हता, तरी न्हाई हालले. लई येळ. मग उजाडलं असंल, वरून माणसं बोलल्याचं ऐकू आलं. माणसं निघून चालली व्हती, दुसऱ्या घराकडं. मी हाक मारली."

ती थांबली. मला वाटलं संपलं.

"हाक मारायची म्हणल्यावर छाती हालतीच की गं," रतन म्हणाली.

पाण्यात एक म्हैस उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली.

"तवापासनं छपराखाली गेले की अंग आखडतं, अन् आडवी झाले की हालवताच येत न्हाई. हालवावं वाटतं, पर न्हाई हालवत. जीव घाबरा हुतो. आण्णा हुते तवर रोज तशीच पडून राहायची, सकाळपर्यंत."

"हे त्यांना का नाही सांगितलंस? तेव्हाच सांगायचं की."

"कसं सांगावं?" ती म्हणाली. "ते इतक्या हौसेनं दावायचे."

तन्वी परत आली, खूश होती. आम्हा दोघींचा फोटो काढायचा म्हणाली. आम्ही दरवाजासमोर उभ्या राहिलो, रतननं पदर नीट केला. फोटो चांगला आलाय. मागं कमान दिसते, खंदक दिसतो, कुणीही बघून म्हणेल, काय छान जागा आहे.

तन्वीला विमानतळावर सोडलं. उतरताना ती म्हणाली, "काकू, पुढच्या वेळी औसा नक्की." मी म्हटलं, हो. गाडी तिनं आम्हाला घरापर्यंत सोडायला सांगितली होती. वाटेत मी विचार करत होते. तो सगळा हंगाम, त्या पहाटेच्या गाड्या, ती कमानीवरची ठकठक, तो डोंगर, ते पाण्याखालचं घर. एवढी छपरं आण्णांनी दाखवली आणि त्यातलं एकही तिच्या दुखण्याला लागू नव्हतं. माझ्याकडं सुंदर म्हणावेत असे तेवढेच दिवस होते. आता मला ते आठवताना आण्णांच्या शेजारी, त्या खोलीत, पोरगी डोळे उघडे ठेवून पडलेली दिसते. पक्कं छप्पर मी तिला अजून कितीही दाखवीन. न हलता झोपायला कोण शिकवणार, आणि हलायला हरकत नाही हे तिला सांगू शकणारी मीरा तर गेली.

घरी आल्यावर रतन गच्चीवर गेली. टाकीच्या सावलीत तिनं बाज ओढली. मी तिच्या उशाशी दम्याचा पंप ठेवला, पाण्याचा तांब्या ठेवला. ती म्हणाली, "जा, तू बी पड जरा." मी खाली आले, माझ्या खोलीत, कॉटवर पडले. वर स्लॅब, पांढरा रंग दिलेला, एका कोपऱ्यात ओल आलेली. मी ठरवलं, बघू तरी. हात छातीवर घेतले आणि अजिबात न हलता पडून राहिले. थोड्या वेळानं पाठीला रग लागली. मग खांद्याला खाज सुटली. मी रतनचा विचार करत होते, दहा वर्षांच्या रतनचा, आणि दात आवळून धरले होते. मग मला कूस बदलावीशी वाटली, आणि मी बदलली.